मेकॅनिकलची पदवी, आयटीची नोकरी: चार वर्षं वाया जातात का?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगा सांगली भागातल्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या जवळजवळ सगळ्या आयटीच्या. सीनिअर मुलं सांगतात, कोअर (म्हणजे आपल्या शाखेचं, कारखान्यातलं काम) विसर, कोडिंग शिक. मग मेकॅनिकलची फी कशासाठी भरायची? सुरुवातीलाच कॉम्प्युटर घ्यायला हवं होतं का? आणि मुळात पदवी आणि पुढचं करिअर यांचा काही मेळ असतो का?

मी आधी काही वर्षं भोसरीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला होतो. त्यानंतर आजवर अभियांत्रिकी कॉलेजांत प्लेसमेंटचं काम पाहतो आहे. नोकरी देणारे काय बघतात ते आतून माहीत आहे, आणि नोकरी मागणारी मुलं तर रोजच समोर असतात.

आधी सरळ उत्तर देतो. मेळ थोडाच असतो, आणि पाच वर्षांनी मेकॅनिकलचंच काम करणारी मुलं वर्गात अल्पसंख्य असतात. पण म्हणून चार वर्षं वाया गेली असं होत नाही. पदवीचं नाव नेमकं कोण विचारतंय, आणि नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं मुलगा कुठे घालवतो, या दोन गोष्टींवर पुढचं बरंच काही ठरतं. शाखेची निवड त्यामानाने कमी ठरवते.

काही ठिकाणी पदवीचं नाव कायदाच विचारतो. तिथे तडजोड नाही. एमबीबीएसशिवाय ॲलोपथीचा डॉक्टर होता येत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यामुळे औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. (प्रमाणपत्र भिंतीवर एकाचं आणि गल्ल्यावर बसलेला दुसराच, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पदवी आणि काम यांचा मेळ कागदावर शंभर टक्के, प्रत्यक्षात शून्य.) खेड्यातल्या कृषी सेवा केंद्रालासुद्धा कीटकनाशक विक्रीच्या नव्या परवान्यासाठी कृषी किंवा संबंधित विज्ञानाचं शिक्षण दाखवावं लागतं. मेकॅनिकलमध्ये अशा जागा मोजक्या आहेत, पण आहेत. तुमच्या भागात साखर कारखाने भरपूर, म्हणून एक सांगतो. मोठा बॉयलर चालवायला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो, आणि त्या परीक्षेला बसायला अभियांत्रिकीचं शिक्षण आणि बॉयलरवरचा अनुभव दोन्ही हवं. ही वाट मुलांना कुणी सांगत नाही, कारण त्यात ग्लॅमर नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे सरकारी जाहिरात. तिथे ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात जे छापलंय तेवढंच चालतं. महावितरणची अभियंत्यांची भरती मुख्यतः इलेक्ट्रिकलवाल्यांची, सार्वजनिक बांधकाम विभागाची सिव्हिलवाल्यांची. मेकॅनिकलला जागा येतात पण कमी. गेट या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी परीक्षेच्या गुणांवर भरती करणाऱ्या केंद्र सरकारी कंपन्याही शाखा बघूनच घेतात. इथे एक धोका हल्ली वाढलाय. कॉलेजांनी शाखांना नवनवी नावं दिली आहेत, आणि जाहिरातीत मात्र जुनीच नावं असतात. मग मुलगा ‘समकक्ष’ असल्याचं पत्र मिळवायला विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवतो. सरकारी नोकरीकडे थोडाही ओढा असेल तर साधं, जुनं, सर्वांना माहीत असलेलं शाखेचं नाव बरं. मेकॅनिकल या बाबतीत सुरक्षित आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, आयटीचा. पाचशे-हजार मुलं एका दमात घेणाऱ्या कंपन्या मेकॅनिकलच्या मुलाला का घेतात? लोकांना वाटतं ही अलीकडची गंमत आहे. तसं नाही. भारतीय आयटी उद्योग उभाच राहिला तो दुसऱ्या शाखांच्या माणसांवर. टीसीएस १९६८ मध्ये सुरू झाली. तिला घडवणारे फकीरचंद कोहली इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांची पहिली पदवीही इलेक्ट्रिकलचीच. त्या काळात कॉम्प्युटरचे पदवीधर देशात होतेच किती? म्हणून कुठल्याही शाखेचा हुशार मुलगा घ्यायचा आणि काही महिने आपणच शिकवायचं, अशी पद्धत पडली, ती टिकली. इन्फोसिसने तर म्हैसूरला त्यासाठी अख्खं संकुल उभारलं. पुढे विप्रो, टीसीएस यांनी साधे बीएस्सी, बीसीए झालेले पदवीधर घेऊन शिकवण्याचे कार्यक्रम चालवले.

आपल्याकडे १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. तालुक्या-तालुक्यात कॉलेजं झाली. इंजिनिअर तयार होण्याचा वेग कारखाने वाढण्याच्या वेगापेक्षा खूप जास्त झाला. हे सगळे इंजिनिअर कुठे गेले? बरेचसे हिंजवडी, बंगळुरू, हैदराबादला.

अशा कंपनीला तुमच्या मुलाचं थर्मोडायनॅमिक्स नको असतं. तिला चाळणी हवी असते. दहावी, बारावी आणि पदवीला साठ टक्के, चालू बॅकलॉग (राहिलेला विषय) नाही, ॲप्टिट्यूडची (गणित-तर्काची) चाचणी पास, इंग्रजीत दोन वाक्यं नीट बोलतो. एवढं झालं की उरलेलं ते शिकवून घेतात. चाळणीचं काम अकरावीपासून विद्यापीठाच्या परीक्षांपर्यंत आधीच होऊन गेलेलं असतं, आणि त्याचा खर्च तुम्ही केलेला असतो. कंपनीला ते फुकटात मिळतं. त्यामुळेच या नोकऱ्यांचा सुरुवातीचा पगार दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. ज्या मालाचा पुरवठा अमाप, त्याला भाव मिळत नाही.

मग कोअर कंपन्या का येत नाहीत? हे नीट समजून घ्या, कारण पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या कारखान्यांना माणसं लागतात, भरपूर लागतात. पण बीई झालेली कमी लागतात. लाइनवर आयटीआयवाला, त्याच्यावर डिप्लोमावाला आणि बरीचशी शिकाऊ मुलं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मुलं घेणं कारखान्याला परवडतं. २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिन्याला ९,००० रुपये आणि डिप्लोमाधारकाचं ८,००० रुपये होतं. एका हजाराचा फरक! डिप्लोमावाला पोरगा अठरा-एकोणिसाव्या वर्षीच व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर उभा राहिलेला, मायक्रोमीटर सराईतपणे धरणारा, शिफ्टला कुरकुर न करणारा. समोर आपला बीई, ज्याने वर्कशॉपमध्ये वर्षभरात एक जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, कानशीने घासला, तोही मित्राच्या मदतीने. तुम्ही प्लांट हेड असता तर कुणाला घेतलं असतं?

म्हणून कोअरच्या जागा निघतात त्या तुरळक. एखादी मोठी वाहन कंपनी जीईटी (प्रशिक्षणार्थी पदवीधर अभियंता) म्हणून मोजकी मुलं घेते, तीही नावाजलेल्या कॉलेजांतून. बाकीच्यांना ऑफ कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेर धडपड, ओळखी, आणि पुष्कळदा थर्ड पार्टी पेरोल, म्हणजे कंत्राटदाराच्या पटावरची नोकरी. सुरुवात पंधरा-अठरा हजारांवर, राहायला चाकणला चौघांत एक खोली. त्याच वेळी वर्गमित्र हिंजवडीतल्या एसीत बसून त्याच्यापेक्षा जास्त घेतो. घरी शैक्षणिक कर्ज असेल तर मुलाला ‘तुझी आवड काय’ हे विचारणं क्रूरपणाचं आहे. मी विचारत नाही. हप्ता किती आहे ते विचारतो.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांना ‘कोअर’ मिळतं त्यांचा तरी मेळ बसतो का? नावाने बसतो. कामाने फारसा नाही. क्वालिटीला लागलेल्या मुलाचा दिवस पाहा. सकाळी ग्राहकाकडून रिजेक्शन आलेलं, त्याचं एट-डी (चूक का झाली याचा अहवाल) लिहायचं, व्हेंडरला फोन करून झापायचं, कंट्रोल प्लॅन (तपासणीचा आराखडा) अपडेट करायचा, पीपीएपीची (ग्राहकाच्या मंजुरीची) फाइल जुळवायची, दुपारनंतर एक्सेलमध्ये पॅरेटो (कुठला दोष किती वेळा याचा तक्ता). यातलं किती त्याच्या अभ्यासक्रमात होतं? मेट्रॉलॉजीची (मोजमापशास्त्राची) दोन प्रकरणं आणि ड्रॉइंग वाचता येणं. बाकी सगळं पहिल्या सहा महिन्यांत कुणा सीनिअरच्या शिव्या खात शिकलेलं. थिअरी ऑफ मशिन्सची कॅमची आकृती कारखान्यात कुणी काढायला लावल्याचं मला आठवत नाही. पर्चेसला गेलेला तर पूर्ण वाटाघाटीचंच काम करतो. तरी लोक म्हणतात, ‘पोरगं आपल्या लाइनमध्ये आहे.’

उलट, कॉम्प्युटरवर बसून खरंखुरं मेकॅनिकल करणारी मुलं असतात, आणि त्यांना घरचे ‘आयटीत आहे’ म्हणतात. हा मधला पट्टा तुमच्या मुलाने नीट बघावा. टाटा टेक्नॉलॉजीज, केपीआयटी, एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस अशा कंपन्या वाहन आणि यंत्र उद्योगासाठी डिझाइन, सिम्युलेशन, एम्बेडेड सॉफ्टवेअर अशी कामं करतात. तिथे कॅटिया किंवा एनएक्स ही डिझाइनची सॉफ्टवेअर चालवता येणं ही फक्त सुरुवात. हायपरमेश किंवा ॲन्सिस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मेश करणारी (भागाचे स्क्रीनवर बारीक तुकडे पाडणारी) मुलं ढीगभर मिळतात. उत्तर आल्यावर ‘हा स्ट्रेस इथे एवढा का दाखवतोय, बाउंडरी कंडिशन (भाग कुठे धरलाय, जोर कुठे आहे) चुकली का’ असं विचारणारा मुलगा क्वचित मिळतो, आणि तो प्रश्न फक्त स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स मन लावून शिकलेल्यालाच पडतो. वाहनं इलेक्ट्रिक होऊ लागली तसं मॅटलॅब-सिम्युलिंक (गणिती मॉडेलचं सॉफ्टवेअर), कॅन प्रोटोकॉल (गाडीतल्या यंत्रणांची आपसातली भाषा), बॅटरीचं थर्मल व्यवस्थापन या कामांना मागणी आली. बॅटरी थंड ठेवणं हा प्रश्न हीट ट्रान्सफरचाच आहे, फक्त तो स्क्रीनवर सोडवायचा.

ईआरपीचं, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. कारखान्यात तीन-चार वर्षं क्वालिटी, प्लॅनिंग किंवा स्टोअर पाहिलेला मुलगा एसएपी या ईआरपीच्या त्याच मोड्यूलकडे (विभागाकडे) गेला तर त्याला पहिल्या दिवसापासून काम कळतं. इन्स्पेक्शन लॉट (तपासणीसाठी वेगळा ठेवलेला माल) म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. त्याने रात्री दोन वाजता तो लॉट होल्डला टाकलेला असतो. या लोकांचे पगार सात-आठ वर्षांनी थेट कॅम्पसमधून आयटीत गेलेल्या बऱ्याच मित्रांच्या पुढे जाताना मी पाहिले आहेत.

यातून एक विषमता लक्षात घ्या. कारखान्यातून आयटीकडे जाणारी वाट दोन-तीन वर्षांनीही उघडी असते, आणि अनुभव सोबत येतो. आयटीतून कारखान्याकडे येणारी वाट मात्र लवकर बंद होते. दोन वर्षं सपोर्ट किंवा टेस्टिंग केलेला मेकॅनिकल पदवीधर चाकणच्या एचआरला नको असतो. त्याला तो ना फ्रेशर वाटतो, ना अनुभवी. त्यामुळे मुलाला मशीनची खरी ओढ असेल आणि घराला एक-दोन वर्षं कमी पगार सोसत असेल, तर आधी कोअर, मग बघू. ओढ नसेल तर सरळ आयटीत जावं आणि अपराधी वाटून घेऊ नये.

शास्त्रशुद्ध पाहणीही साधारण हेच सांगते. जॉन रॉब्स्ट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने २००७ मध्ये तिथल्या पदवीधरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २० टक्के लोकांनी सांगितलं की आपल्या कामाचा आणि पदवीच्या विषयाचा काहीच संबंध नाही. आणखी २५ टक्क्यांच्या बाबतीत तो थोडाफार होता. त्यातला मला जास्त उपयोगी वाटलेला भाग वेगळा आहे. विषय सोडल्यावर पगाराचं नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही. ज्यांची पदवी एका विशिष्ट कामासाठीच घडवलेली असते, त्यांचं जास्त होतं. सर्वसाधारण विषय शिकलेल्यांचं कमी.

आपल्याकडे हे आकडे न बघताही दिसतं. डीएड आठवा. पदवी नव्हे, पदविका, पण मुद्दा तोच. मेळ म्हणाल तर शंभर टक्के: डीएड झालं की प्राथमिक शिक्षक. एके काळी प्रवेशासाठी लोक वशिला लावत, कॉलेजं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. मग भरती वर्षानुवर्षं रखडली, २०१३ मध्ये टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, आणि लाखो मुलांच्या हातात असा कागद राहिला जो दुसरीकडे कुठेच चालेना. कॉलेजंही बंद पडली. कामाशी घट्ट जुळणारं शिक्षण म्हणजे सुरक्षित शिक्षण, असं मानणाऱ्यांनी त्या मुलांशी बोलावं. त्यांच्यापेक्षा साधं बीकॉम झालेले कितीतरी जण बँकेत, विम्यात, टॅलीवर, जीएसटीच्या कामात पोट भरून आहेत.

म्हणून ‘कॉम्प्युटरच घ्यायला हवं होतं का’ याचं माझं उत्तर: नक्की सांगता येत नाही, आणि आता ते उगाळण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरवाल्याला पहिल्या नोकरीत फायदा आहे, विशेषतः बऱ्या पगाराच्या डेव्हलपमेंटच्या जागांत. पण २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली, आणि कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स यांच्या तुकड्या धडाधड वाढवल्या. शिकवायला माणसं तेवढीच. मेकॅनिकलच्या प्राध्यापकाने सहा आठवड्यांचा कोर्स करून पायथन शिकवायला उभं राहणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ही मुलं बाहेर पडतील तेव्हा गर्दी कुठे असेल, तुम्हीच बघा. २०२२-२३ मध्ये ऑफर लेटर हातात असून वर्षभर जॉइनिंगची वाट पाहणाऱ्यांत कॉम्प्युटरवालेही होतेच.

कुणी श्रीराम लागूंचं उदाहरण देईल, कान-नाक-घशाचे सर्जन आणि नटसम्राट. कुणी मनोहर पर्रीकरांचं, आयआयटी मुंबईचे मेटलर्जीचे इंजिनिअर आणि मुख्यमंत्री. दोन्ही खरं. पण त्यांच्यावरून आपल्या पोराचा निर्णय घेऊ नका. त्यांनी वाट बदलली तेव्हा मागे भक्कम शिक्षण होतं आणि पुढे असामान्य वकूब. आपण साडेतीन लाखांच्या नोकरीबद्दल बोलतोय.

आता मुलाने काय करावं. सहावं सेमिस्टर संपल्यावरच्या सुट्टीत खऱ्या कारखान्यात सहा-आठ आठवडे काढावेत. पैसे भरून मिळणारी ऑनलाइन इंटर्नशिपची सर्टिफिकेटं एचआर बघतही नाही. सांगली-मिरज-कुपवाड एमआयडीसीत, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत शेकडो छोटे उद्योग आहेत, तिथे मालक स्वतः मशीनवर दिसतो. ओळख काढून जावं, झाडू मारायला सांगितलं तरी मारावा. दोन महिन्यांत त्याला स्वतःलाच कळेल की तेलाचा वास आवडतो की नाही. बाकी कुठल्याही समुपदेशनापेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचं.

ॲप्टिट्यूडचा सराव आणि एक प्रोग्रॅमिंग भाषा कुठल्याही वाटेला लागतेच, ते आत्तापासून सुरू करावं. कॉलेजात मायनर पदवीची (मुख्य शाखेसोबतच्या जोड-विषयाची) सोय असेल, साधारण १८ ते २० जादा श्रेयांकांची, तर डेटा किंवा मेकॅट्रॉनिक्सचा विचार करावा, पण बॅकलॉग राहत असेल तर अजिबात नको. साठ टक्क्यांची रेषा मायनरपेक्षा मोठी आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नये. मुलाखतीत मेकॅनिकलच्या मुलाला तासभर बोलतं करणारी ती एकच गोष्ट असते, आणि विकतचा प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

परदेशाचा विचार मनात असेल तर एक तांत्रिक बाब. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवीचा विषय आणि काम यांचा थेट संबंध दाखवावा लागतो. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमात ‘थेट संबंध’ म्हणजे तर्कसंगत दुवा, असा खुलासा केला आहे. म्हणजे मेकॅनिकलवाल्याला सॉफ्टवेअरच्या कामावर जाता येत नाही असं नाही, पण तो दुवा कागदावर मांडावा लागतो. कुठले विषय शिकला, काय काम केलं, सगळं. त्या वेळी गुणपत्रिका, अभ्यासक्रमाच्या प्रती आणि जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं शोधत बसण्यापेक्षा पहिल्यापासून एका फाइलमध्ये ठेवलेली बरी. तीन वर्षांची बीएस्सी केलेल्यांना तर तिथल्या चार वर्षांच्या पदवीची बरोबरी करायला कमी पडणाऱ्या एका वर्षामागे तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. बीईवाल्यांची यातून सुटका आहे.

आणि पुढच्या वर्षी कॅम्पसला पहिली आयटी ऑफर आली की घरात पेढे वाटण्याआधी पत्र पूर्ण वाचा. सीटीसीतला (वर्षाच्या एकूण पॅकेजमधला) व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा भाग किती, हातात महिन्याला किती, बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास किती रुपये भरायचे, जॉइनिंगची तारीख लिहिली आहे की ‘कळवण्यात येईल’ असं आहे. तारीख नसेल तर कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला विचारा की एक ऑफर असताना मुलाला पुढच्या कंपनीला बसू देतात का. बऱ्याच कॉलेजांत देत नाहीत. तुमच्या कॉलेजचा नियम आजच विचारून ठेवा, कारण सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच आयटीवाले येतात आणि कोअरवाले, आले तर, जानेवारीनंतर.